केनियाला बायबल शिकवायला जाणाऱ्या आमच्या तरुणांसाठी

आमच्या तरुण संघातली काही मुलं पुढच्या वर्षी केनियाला मिशन ट्रिपला जायचं म्हणतायत. त्यांचा उत्साह बघून मनापासून आनंद झाला. परवा त्यांनी कार्यक्रमाची यादी दाखवली. टी-शर्ट वाटप, लहान मुलांचे खेळ, पपेट शो, संध्याकाळच्या सुवार्ता सभा, त्याचं शूटिंग. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला एक सकाळ ठेवली होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं असं की, जायचं तर शिकवायलाच जा. आणि असं शिकवा की तुम्ही परतल्यावर तिथल्या साध्या बाईलासुद्धा तुमचं, तिच्या पाळकाचं (पास्टरचं) आणि उद्या येणाऱ्या कुठल्याही उपदेशकाचं बोलणं वचनाशी ताडून बघता येईल.

हे मी एवढं ठासून का सांगतेय? केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा शहराच्या उत्तरेला किलिफी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. नारळ, काजू, आंबा. आपल्या कोकणातल्या माणसाला परकं वाटूच नये असा मुलूख. तिथे मालिंदीजवळ शाकाहोलाचं जंगल आहे. एप्रिल 2023 मध्ये पोलिसांनी तिथली थडगी उकरायला सुरुवात केली आणि पुढच्या काही महिन्यांत 400 हून जास्त मृतदेह निघाले. त्यात लहान मुलंही होती. जगाचा अंत जवळ आलाय, उपाशी राहून प्राण सोडला की प्रभू येशूची भेट होईल, असं एका उपदेशकाने त्या लोकांना सांगितल्याचा आरोप आहे. घरदार विकून माणसं त्याच्यामागे जंगलात गेली. त्यातले पुष्कळ जण बायबल हातात घेऊन उपासनेला जाणारे होते, आणि हीच गोष्ट मला झोपू देत नाही. पुस्तक त्यांच्याकडे होतं. पण दोन वचनं इकडून, दोन तिकडून उचलून कुणी काही जोडून दाखवलं तर ते उघडून मागचं-पुढचं वाचायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती.

मागे आम्ही स्वतः बायबल शिकवायला गेलो ते याच काउंटीतल्या, गिरियामा या स्थानिक समाजाच्या एका खेड्यात. मंडळीचं मंदिर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर आणि बसायला लाकडी बाकं. मी इंग्रजीतून बोलायचे, एक शिक्षक त्याचं स्वाहिली करायचे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी कुणीतरी पुन्हा गिरियामा भाषेत सांगायचं. त्यामुळे तासाभरात वीस मिनिटांचंच बोलणं व्हायचं. त्याचा फायदाच झाला. भाषण देणं आपोआप बंद झालं आणि एकेक अध्याय सावकाश वाचणं सुरू झालं.

तिथल्या पाळकांनी उपासाचा विषय घ्यायला सांगितला होता. कारण उघड होतं. आम्ही मत्तय 4 काढला. एका तरुणाने सरळ विचारलं, ‘प्रभूने चाळीस दिवस उपास केला, मग आम्ही का करू नये?’ मी उत्तर दिलं नाही, पुढे वाचायला सांगितलं. त्याच अध्यायात सैतान येशूला स्तोत्र 91 मधलं वचन काढून दाखवतो, हे वाचल्यावर बाकांवर कुजबुज सुरू झाली. वचन सांगणारा प्रत्येक जण देवाकडूनच आलेला असतो असं नाही, हे तिथे मला वेगळं सांगावं लागलं नाही. मग यशया 58 वाचला. देवाला कुठला उपास आवडतो, तर भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा. आणि शेवटी मागच्या बाकावरच्या एका आजींनी स्वतःहून मार्क 5 उघडायला लावला. याइराची मुलगी मेलेली असते, येशू तिला उठवतो आणि लगेच घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. आजींनी ते वाक्य मोठ्याने वाचून घेतलं. मग नातवाला परत वाचायला लावलं. मी कित्येक वर्षं संडे स्कूल घेतेय, पण शाकाहोलाला इतकं थेट उत्तर मला सुचलं नसतं. ते त्या आजींना सुचलं, कारण अध्याय त्यांच्या हातात होता आणि बोलायला त्यांना वेळ मिळाला होता.

‘आपल्याकडे काय कमी आहे म्हणून आफ्रिकेला जायचं?’ असं काही जण विचारतात. कमी नाहीच, इथेही करावं. पण नाशिक-नगरच्या ख्रिस्ती माणसाने तरी तो किनारा परका मानू नये. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं ब्रिटिश आरमाराने मुंबईला आणली आणि त्यातली बरीचशी चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशन संस्थेच्या शरणपूरच्या वसाहतीत वाढली. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, शास्त्र शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या मुलाने. शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता.

त्याच्याही आधी, 1860 च्या दशकात, शरणपूरचे विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळ राबाईला कामाला गेले. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांची नावं सगळे घेतात, पण तिथली मंडळी सांभाळली ती बरीचशी या नाशिककरांनी. 1885 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मिशनचे इंग्रज बिशप हॅनिंग्टन यांना आजच्या युगांडात बुसोगामध्ये मारलं, तेव्हा त्यांचा मागे राहिलेला काफिला शेकडो मैल चालवत जोन्सनेच परत आणला. राबाईत शिरताना पुढे निळा झेंडा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, ‘ईखाबोद’, म्हणजे ‘वैभव गेलं’. 1 शमुवेल 4 वाचलेल्याला त्या शब्दातलं दुःख कळतं. शास्त्र इतकं मुरलेली ही माणसं होती. पुढे मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना राबाईत आसरा मिळाला तोही जोन्सच्याच काळात, आणि 1 जानेवारी 1889 ला त्यातल्या सुमारे 1,400 जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले.

ही माणसं तिथे राहिली, तिथली भाषा बोलली, तिथेच संसार केले. आपण काही दिवसांसाठी जातो. म्हणून आपली जागा तिथल्या पाळकाच्या आणि कॅटेकिस्टच्या, म्हणजे मंडळीत धर्मशिक्षण देणाऱ्या स्थानिक शिक्षकाच्या, मागे. काय शिकवायचं ते त्यांनी ठरवावं. वर्ग त्यांनी चालवावा, आपण मदत करावी. शेवटच्या दिवशी तर आपण गप्प बसावं आणि त्यांच्यातल्याच कुणाला तरी अध्याय घ्यायला लावावा.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलते. टी-शर्टचा खर्च वाचवा आणि स्वाहिली बायबलं तिथेच विकत घेऊन द्या. जमलं तर एखाद्या खेड्यातल्या कॅटेकिस्टची शिक्षणाची फी भरा. सोडवलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रिअरटाऊनमध्ये 1903 साली जी धर्मशिक्षणाची शाळा निघाली, तिचंच आज नैरोबीजवळच्या लिमुरूचं सेंट पॉल्स विद्यापीठ झालंय. शिकवणारे तिकडे आहेत. खेड्यातल्या कॅटेकिस्टकडे तिथवर जायला पैसे नसतात.

आणि मुलांचे फोटो टाकू नका. हे मी हात जोडून सांगते. अनवाणी मुलाला कडेवर घेतलेला फोटो इथे पाचशे लाइक मिळवतो, पण त्या मुलाच्या आईला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या संडे स्कूलच्या मुलांचे असे फोटो कुणी परदेशात फिरवले तर आपण खपवून घेऊ का?

तिथल्या पाळकांनी पुढच्या वेळेसाठी प्रकटीकरणाचं, म्हणजे बायबलचं शेवटचं, पुस्तक मागितलंय, पूर्ण, पहिल्या अध्यायापासून. शेवटच्या काळाच्या नावाखाली लोकांना पुन्हा कुणी घाबरवू नये म्हणून. हे पुस्तक नीट अभ्यासलेले आपल्यातले पाळक किंवा सेमिनरीचे शिक्षक यायला तयार असतील, तर कृपया मला मेसेज करा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा लवकर कळवा.