आठ ठिपक्यांचा रुपया

आजीच्या पितळी डब्यात बावीस रुपये होते. तीन वेळा मोजले, बावीसच. डबा माळ्यावरून खाली आला त्याच संध्याकाळी बातमी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि एरवी वाढदिवसाला केकचं चित्र डकवून गप्प बसणारी मंडळी बोलती झाली. पुण्याच्या चुलतभावानं व्हिडिओ पाठवला: जुनं नाणं विका, नऊ लाख मिळवा. नऊ लाख गुणिले बावीस हा हिशेब कोणी बोलून दाखवला नाही, पण रात्री दोनपर्यंत सगळे ऑनलाइन होते. सोलापुरात उरलेला मी एकटाच, म्हणून 'किंमत काढून आण' हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली किंमत सराफ कट्ट्यावर. मे महिना, दुपारचे बारा, डांबर चपलेला चिकटत होतं. सराफानं डबा उपडा केला, एकेक रुपया काचेवर टाकत गेला आणि नुसत्या कानानं ढीग लावले. खणकन् वाजला तो डावीकडं, बदकन् वाजला तो उजवीकडं.

"मालक, हे सात बंदे रुपये बघा. दोन राणी छाप, पाच पाचव्या जॉर्जचे. बाराला अकरा भाग चांदी. आणि हे बारा लढाईतले, निम्मीच."

"आणि हे तीन?"

हे तीन 1947चे, मागं वाघ असलेले, माझे सर्वांत लाडके. सराफानं गल्ल्यातून लोहचुंबक काढलं. तिन्ही वाघ टुणकन् उडून त्याला बिलगले. चांदी कधी चुंबकाला भीक घालत नाही. हे निघाले निकेलचे.

घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा आजीची नवीच ओळख झाली. 1940 साली लढाईच्या धास्तीनं लोक चांदीचे रुपये दडवायला लागले. सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं, म्हणजे मी एका गुन्हेगार बाईचा नातू. मग एक रुपयाची नोट काढली आणि नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली. वजन मात्र तेच, एक तोळा, 11.66 ग्रॅम. आधी त्यात 10.69 ग्रॅम चांदी असे, आता 5.83, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. आमचा दूधवाला हेच करतो, फक्त त्याच्या पातेल्यावर राजाचं चित्र नसतं. एवढं करूनही पुरेना, तेव्हा अमेरिकेकडून चांदी उसनी आणली. उसनं फेडायचं म्हणजे शीग लावून फेडायचं, म्हणून लढाई संपल्यावर चांदी नाण्यांतून पार हद्दपार झाली आणि माझ्या नशिबी चुंबकाला मिठ्या मारणारे वाघ आले.

पण मी खचलो नव्हतो. नवी पेठेतून भिंग आणलं. नाण्यावर टांकसाळीची खूण असते म्हणे. मुंबईचा ठिपका, 1943ला सुरू झालेल्या लाहोरच्या टांकसाळीचं इंग्रजी 'एल'. एका 1944च्या रुपयावर बादशहाच्या मानेवर मला ठिपके दिसले. एक नव्हे, आठ. एका ठिपक्याची मुंबई, तर आठ ठिपक्यांचं कोणतं गाव? तीन रात्री झोप नाही. बायको म्हणाली, "देवी आल्या असतील राजाला." तिच्याकडं दुर्लक्ष केलं. ग्रुपवर लिहिलं, 'अज्ञात टांकसाळ. सध्या बाहेर बोलू नये.' पनवेलच्या वहिनींनी हात जोडून वर फूलही वाहिलं.

नाणी जमवणारे एक निवृत्त काका कुणीतरी सुचवले. त्यांनी रुपया कडेनं, नवजात बाळ धरावं तसा उचलला. आधी काठ पाहिला. लढाईतल्या रुपयाच्या दातऱ्यांमधून मुद्दाम खाच फिरवलेली असते, खोटी नाणी पाडणाऱ्याला जमू नये म्हणून. खाच होती. मग तोंडावरची लकाकी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घासलंत?"

"दर लक्ष्मीपूजनाला. चिंच आणि रांगोळी."

काकांनी डोळे मिटले. बादशहाचं नाक इतकं कसं झिजलं ते मलाही तेव्हाच कळलं. पण माझा हुकमाचा पत्ता बाकी होता. मी आठ ठिपके दाखवले. काकांनी भिंग लावलं, डब्यातले आणखी चार-पाच रुपये चाळले आणि त्यातला एक माझ्यापुढं धरला. "ह्याच्यावर जरा शाबूत आहे. उलटं धरून वाचा."

उलटं धरलं. बादशहा डोक्यावर उभा राहिला आणि त्याच्या मानेवर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेलं सरळ झालं: 'द्वा.'

द्वारका. माझी आजी. दारावर भांड्यांवर नावं घालणारा आला की ती ताटवाट्यांपासून उलथन्यापर्यंत काहीही सोडत नसे. बावीसच्या बावीस रुपयांवर तिनं नाव घालून घेतलं होतं. पातेली लग्नाकार्यात हरवतात, तसा बादशहा हरवू नये म्हणून.

"हौशी माणूस हे घेणार नाही," काका म्हणाले. "मोडीतच जातील. सहाव्या जॉर्जचा 1939चा असता तर गोष्ट वेगळी. तो फार थोडा बाहेर आला. लोक 38च्या आठाचा नऊ करून आणतात, इतकी मागणी." डब्यात 39चा नव्हता.

संध्याकाळी आत्याला फोन केला. वय शहाऐंशी, कान गेलेले, हिशेब शाबूत.

"बावीस कसे? तेवीस होते."

"बावीसच आहेत गं आत्या."

"तेवीस. एकावर आईनं नाव घालू दिलं नव्हतं. माझ्या जन्मसालाचा म्हणून वेगळ्या फडक्यात बांधून ठेवला होता. एकोणचाळीसचा. बघ नीट."

फडकं मला आठवलं. लाल होतं. मी दहा वर्षांचा होतो, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला होता आणि घरात कोणी पैसे देत नव्हतं. आकाशपाळण्यात दोन फेऱ्या झाल्या. पाळणेवाल्यानं तो रुपया दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि उरलेले सुटे परत द्यायला तो विसरला, याचा मला कितीतरी दिवस राग होता.

"हॅलो? सापडला का रे?"

"आत्या, आवाज तुटतोय," मी म्हणालो.