मुठीतली वाळू मेलवर जात नाही

फेब्रुवारी २०२५मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून महाराष्ट्र-कर्नाटक बस बंद पडल्या. तेव्हा घरच्या ग्रुपवर मावसभावानं लिहिलं, 'बंद तर बंद. ड्रॉइंग मेलवर जातं, बोलणं व्हिडिओवर होतं. कोल्हापूरला जायचंय कशाला?' त्याचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहे. म्हणून ते वाक्य जास्त लागलं.

आमचे आप्पा पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी वस्तूचा नमुना बनवणारे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, यायला लागली की पॅटर्न गोणपाटात गुंडाळून पहिल्या एसटीनं निघायचे. तिथला मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, वाळू मुठीत दाबून दाखवायचा, आणि रायझर (साच्यातली जादा धातूची जागा) कुठं सरकवायचा ते दोघं तिथंच उभ्या उभ्या ठरवायचे. ती मुठीतली वाळू मेलवर कशी पाठवणार? अमेरिकेत दोन शहरांमध्ये स्वस्त विमान सुरू झालं, तर तिथल्या रसायनशास्त्रज्ञांचं एकत्र संशोधन वाढलं. ईमेल त्यांच्याकडेही होतंच की!

मी राहतो स्वीडनमधल्या माल्मोला, कामाला डेन्मार्कमधल्या कोपनहेगनात. मधला समुद्रावरचा पूल २०००मध्ये झाला. दोन देश, दोन चलनं, आणि गाडीत पाऊण तासही लागत नाही. ईएसएस हे न्यूट्रॉन संशोधनाचं केंद्र स्वीडनच्या लुंडला, त्याचं डेटा केंद्र कोपनहेगन परिसरात. आमच्याकडे एकच देश, एकच रुपया, बेळगाव-कोल्हापूर अंतर ११० किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर मात्र मिरजेचा वळसा, कारण कोल्हापूरला रूळच संपतात.

भाऊ म्हणाला, तुमच्याकडेही २०१६ला सीमेवर तपासणी लागली होती. लागली. वेळ वाढला, लोक चिडले. पुढंही कित्येक वर्षं पुलाअलीकडच्या हिली स्टेशनावर पोलिस डब्यात चढत राहिले. पण भांडण झालं म्हणून गाडीच रद्द, असं कुणी केलं नाही. सीमाप्रश्न १९५६पासूनचा, खटला २००४पासूनचा. माझंही मन महाराष्ट्राकडेच आहे. पण निकाल लागेपर्यंत मोल्डर आणि पॅटर्नमेकरनं भेटायचंच नाही का?

'तू तिथं बसून सांगू नको,' हे त्याचं शेवटचं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आप्पांची एसटी मी सांगतो खरी, पण इंजिनिअर झाल्यावर महिनाभरही बेळगावात थांबलो नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी 'म्हणजे कर्नाटकातले?' विचारलं की अंगावर जातो. आणि संध्याकाळी पुलावर गाडी आली की बायकोला फोन करून सांगतो, घरी पोचतोच. घरी म्हणजे माल्मोला. हा शब्द तोंडात कधी बसला, कळलंच नाही.

डिसेंबरात येतोय. भावाला कळवलंय, गाडी काढू नको, सकाळी सहाला बसस्टँडवर ये. शिरोलीला आप्पांचा मोल्डर अजून आहे.