ता. क. साठी जागा ठेवा

तिसरी-चौथीच्या पोरांना मित्राला पत्र लिहायला शिकवणं काय असतं ते ज्याने शिकवलंय त्यालाच ठाऊक. नाशिकला सिडकोत माझ्याकडे सोसायटीतली पोरं संध्याकाळी ट्यूशनला येतात, आयांचं म्हणणं गाईडमधलं पत्र पाठ करून घ्या ना, कशाला डोकं लावता. पण मला भारी हौस! म्हटलं खऱ्या पोस्टकार्डावर लिहायचं आणि खऱ्या लाल पेटीत टाकायचं.

पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "काकू, ५० पैसे म्हणजे किती रुपये?" एकजण छापील तिकीट नखाने खरवडत बसला, स्टिकर निघत नाहीये म्हणे. त्यावर दुसरा भडकला, कारण त्याचे आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत आणि त्याच्या मते देशातलं प्रत्येक तिकीट त्यांनी स्वतः छापलंय.

मग पत्ता. "मामाचं घर, पाण्याच्या टाकीजवळ, पिंपळगाव." झालं. मी पिनकोडचं पुराण लावलं, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, टपाल खात्यातल्या आपल्या वेलणकरांची कल्पना, पहिला ४ म्हणजे आपल्याकडचा भाग वगैरे, तोवर एकीने सहा चौकोनांत मामाचा मोबाईल नंबर कोंबला होता, उरलेले चार आकडे बाहेर लोंबत होते. "लोकेशनच पाठवू ना काकू."

मजकुराची तर बोंबच. 'प्रिय मित्रा, मी येथे खुशाल आहे, तूही खुशाल असशील' इथपर्यंत सगळे सुसाट, आणि मग पेन बंद. एकीने शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाच पत्र लिहायला घेतलं, ही लिहीत होती आणि मैत्रीण तिथेच वाचून तोंडी उत्तरं देत होती. मी म्हटलं अरे बातम्या लिहा, घरी काय झालं, गावात काय झालं. तेव्हा कुठे एकाने लिहिलं, 'दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं.' नदीपात्रातल्या या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरच आम्ही नाशिककर पूर मोजतो. गोदेचा पूर एका ओळीत, अजून काय पाहिजे! नागपूरच्या भावाला काही कळणार नाही, पण असो.

चूक झाली... म्हणजे मला नाही वाटत चूक, पण आयांना वाटते, ती ता. क. शिकवल्यामुळे. राहिलेलं शेवटी लिहायची सोय आहे म्हटल्यावर कार्टी वर दोन ओळी आणि खाली ता. क. ची रांग लावायला लागली, आणि खरा मजकूर सगळा तिथेच. कुत्र्याला पिल्लं झाली, ताईचं गणित गेलं, आणि एका पोराचं, 'आई-बाबांचं सोफ्यावरून भांडण झालं, बाबा दोन दिवस गॅलरीत जेवले.'

हे सगळं उघड्या पोस्टकार्डावर! त्याच्या आईला कळलं तेव्हा कार्ड पेटीत पडलेलं, बाई पेटीपाशी पोस्टमनची वाट बघत उभ्या, त्याने अर्थातच दिलं नाही. मग माझ्याकडे आल्या, म्हणे आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र पाठवा, सगळं चांगलंय असं लिहून घ्या. शेजारी बसून स्वतः सांगितलं त्यांनी, अक्षर न अक्षर गाईडसारखं. पोराने मुकाट्याने लिहिलं, 'आमच्या घरी सर्व खुशाल आहेत. आई-बाबा आनंदात आहेत.'

बाई चहा घ्यायला वळल्या तेवढ्यात त्याने खाली लिहून टाकलं.

'ता. क. सोफा अजून आणला नाही.'