बर्फ पडून गेल्यावरचं निळं आभाळ

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईकडच्या ट्रेक ग्रुप्सच्या जाहिराती सुरू होतात. उत्तराखंडातले केदारकंठा, ब्रह्मताल, 'ताजा बर्फ मिळणारच!' दोन दिवस दणकून बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं, की सगळ्यांना वर जायची घाई. हिमस्खलनासाठी नेमके तेच एक-दोन दिवस सगळ्यात घातक असतात. हे नवख्या माणसाला निघण्याआधी कोणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड येते.

नवा बर्फ जुन्या थराला लगेच धरत नाही. मध्ये साखरेसारखा सुटा थर असला, तर वरची अख्खी लादी त्यावर नुसती टेकलेली असते. त्यात वारा एका अंगाचा बर्फ उडवून दुसऱ्या अंगाला रचत राहतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशी लादी सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांच्याच किंवा त्यांच्या गटातल्या कोणाच्या पावलाने सुटलेली असते. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा बर्फात तडा धावत गेला, तर तिथून मागे फिरायचं. शिखर कितीही जवळ असो.

अनुभव वाचवतो, असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात २९ जणांचा जीव गेला. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. आणि एप्रिल २०२३ मध्ये सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीच्या रस्त्यावर हिमस्खलनात जीव गेलेले ७ जण तर साधे पर्यटक होते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा जगतो. पुढे आशा झपाट्याने कमी होते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, सोबतचेच उकरून काढतात. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. मी ज्या ग्रुप्सबरोबर गेलोय, त्यांत ही तीन साधनं कोणाकडेच नव्हती. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स मात्र भाड्याने मिळत होते.

म्हणून पैसे भरण्याआधी लीडरला विचारा: चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा तुम्ही रोज बघता का? मोठ्या बर्फानंतर थांबायला राखीव दिवस आहे का? नसेल तर दुसरा ग्रुप शोधा. आणि लीडरने खालूनच परत फिरवलं, तर कृपा करून त्याच्याकडे पैसे परत मागू नका. त्या भीतीपोटीच कित्येक जण नको तिथे माणसं घेऊन जातात.