'ज्ञान फुगवते' असं लिहिणाऱ्या वाचकबंधूंना

ख्रिस्तात सलाम.

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, दर आठवड्याला अभ्यासवर्ग असावा, त्यात शास्त्राबरोबर, म्हणजे बायबलबरोबर, मंडळीचा इतिहास आणि अडचणीचे प्रश्नही शिकवावेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही कळकळीने लिहिलंत. 'ज्ञान फुगवते' हे प्रेषित पौलाचं वचन पुढे केलंत, येशूचे शिष्य पेत्र आणि योहान निरक्षर होते याची आठवण दिलीत. सही न येणाऱ्या तुमच्या आजींच्या प्रार्थनेबद्दल लिहिलंत, आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, जाऊन विश्वास थंड झालेल्या तुमच्या मंडळीतल्या तरुणाबद्दलही. पुस्तकं कमी करा, गुडघे टेका, असं तुमचं म्हणणं.

आधी ते वचन. पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते येतं. प्रश्न आहे मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही. पौल तो एका वाक्यात मिटवत नाही, थेट दहाव्या अध्यायापर्यंत नेतो. मूर्तीत काही नाही हे खरं, पण दुर्बळ भावाला तुझ्या खाण्याने ठेच लागली तर? बाजारातलं मांस चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्याखातर खाऊ नको. मधेच तो इस्राएलचा रानातला इतिहास काढतो, स्वतःचे हक्क सोडल्याचं सांगतो. पौलाचा राग भावाला तुडवून पुढे जाणाऱ्या ज्ञानावर आहे. विचार करणं त्याला नको असतं तर तीन अध्याय त्याने खर्च केले नसते. आणि हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. गणपतीत शेजारच्या काकू प्रसाद घेऊन येतात तेव्हा आपली मुलं आपल्या तोंडाकडे बघतात. 'घ्यायचा नाही' किंवा 'घे, काही होत नाही' म्हणून आपण मोकळे होतो. ते तीन अध्याय त्यांच्यासमोर कोण उघडून ठेवतं?

पेत्र-योहानांनी शास्त्र्यांच्या शाळेत पाऊल टाकलं नव्हतं हे खरंच आहे. पण ते प्रभूच्या पायाशी बसले होते, त्याने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, कळला नाही की विचारत होते. आणि पौल कैदेतून आपला शिष्य तीमथ्य याच्याकडे काय मागतो? झगा, पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं.

पण मला खरं तर तुमच्याशी पंडिता रमाबाईंविषयी बोलायचं आहे, कारण तुमच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा त्यांचाच निघतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी आणि नंतरही त्या त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा एकच देव), मतांगीकाराबद्दल (उपासनेत म्हटलं जाणारं विश्वासाचं कबुलीवाक्य) प्रश्न विचारत राहिल्या. ज्यांच्याकडे त्या राहत होत्या त्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींना ते जड गेलं. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र पत्रांतून त्या प्रश्नांना मान देऊन उत्तरं दिली. पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना रमाबाई म्हणतात की त्यांना आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे; तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. बघा, बुद्धीने धर्मच मिळतो, असं यावर म्हणता येईल. मीही हे अनेकदा ऐकलं आहे.

मग ख्रिस्त भेटल्यावर त्यांनी काय केलं? पुस्तकं मिटली का? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या बाई उतारवयाकडे झुकताना नवी लिपी, नवं व्याकरण घेऊन बसल्या, मूळ भाषांमधून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला. खेड्यातल्या बाईला ते कळावं एवढ्यासाठी. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, आणि त्याची छपाई केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून झाली. याच केडगावात १९०५ च्या जूनमध्ये ते मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, झालं होतं. मुली रडत पापं कबूल करत होत्या, प्रार्थना थांबत नव्हती. त्याच आवारात कोश आणि व्याकरणंही उघडी होती. तुम्ही ज्यातलं एक निवडायला सांगता, ते दोन्ही एका बाईच्या छताखाली होतं, आणि अभ्यासाची सर्वांत मोठी मजल त्या अनुभवाच्या नंतरची आहे.

तुमच्या आजींबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण अक्षर न येणं म्हणजे शिक्षण नसणं, असं मी धरत नाही. अहमदनगरकडे १९व्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं. निरूपण ऐकून, अभंग-भजनं पाठ करून वाचता न येणाऱ्या माणसांनी शास्त्र आपलंसं केलं. आज ते निरूपणही गेलं, आणि त्याच्या जागी वीस मिनिटांचा उपदेश नि मोबाइलवर आलेली एक ओळ उरली. मला वाईट वाटतं ते याचं. आजींच्या पिढीपेक्षा आपली मुलं शास्त्राच्या बाबतीत अधिक अडाणी राहताहेत, तीही पदव्या घेऊन.

विद्येचा गर्व मंडळीत शिरतो, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. तो जास्त शिरतो तो विद्या पाळकापुरती आणि चार घरांपुरती राहिली की. गावकुसाबाहेरून आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, तिची किंमत आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

आता तो तरुण. मोशेची पुस्तकं, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, कुणी लिहिली याबद्दल त्याने शंका काढली आणि त्यानंतर त्याला उपदेशाला उभं करणं बंद झालं, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याच्याशी त्या विषयावर कुणी बसून बोललं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोललं नसेल, तर तो सेमिनरीत थंड झाला की परतल्यावर, हे आधी बघा. तो अजून तुमच्याच गावात असेल तर त्याला घरी बोलवा आणि अभ्यासवर्ग त्याच्या शंकेपासूनच सुरू करा. पाळकांनाही बसवा. महिला मंडळीलाही. त्या पाचांतलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या दोन अध्यायांचेच चार-पाच आठवडे सहज होतील.