कमरेत सुई टोचली की गळा मोकळा?

"आवाज बसलाय? स्वरयंत्रावर गाठ आहे? ऑपरेशन नको, थेरपी नको. स्टेरॉइडचं एकच इंजेक्शन, आवाज कायमचा मोकळा, अपाय शून्य!"

हा मेसेज फोंड्यातल्या नाटकमंडळींच्या मोबाइलवर फिरत होता, तोवर मी गप्प होतो. परवा दादाचा फोन आला. जत्रेच्या नाटकाला चार दिवस, आणि आवाज फाटक्या पत्र्यासारखा. "ओळखीचा कंपाउंडर आहे, कमरेत घेऊन टाकतो." दादाला मधुमेह आहे. आवाज तीन महिने घोगरा आहे. आणि विड्या सोडून फार वर्षं झालेली नाहीत.

सुई द्यायची कुठे, हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही! कमरेतल्या स्टेरॉइडने सूज उतरते, खोटं नाही. धोका तिथेच आहे. गळा बरा झालासा वाटतो, माणूस तीन अंक गर्जना करतो, आणि स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटली तर आवाज रंगमंचावरच जातो. साखर चढते ती वेगळीच. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ची मार्गदर्शिका सांगते, की स्वरयंत्र पाहिल्याशिवाय घोगरेपणावर सरसकट स्टेरॉइड देऊ नये, आणि ४ आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहावं. घोगरेपणामागे कर्करोगही असू शकतो. तो कंपाउंडरला कमरेतून दिसणार आहे का?

आता एक कबूल करतो, नाइलाजाने. स्टेरॉइडची सुई हा खरा उपचार आहे. पण तज्ज्ञ ती दुर्बिणीतून बघत थेट स्वरतंतूत देतात, बऱ्याचदा जागा बधिर करून, ओपीडीतच. ट्रायअॅम्सिनोलोन किंवा डेक्सामेथासोन ही त्यातली स्टेरॉइडं. नोड्यूल (तंतूवरच्या घट्ट्यासारख्या गाठी), लहान पॉलिप (मऊ फुगवटे) त्याने बऱ्याचदा आक्रसतात. गाठी परत येऊ शकतात, म्हणून "कायमचा" हा शब्द खोडा. कधी तंतूत रक्त साकळतं, कधी औषधाचा पांढरा थर बसतो, कधी तंतू काही काळ बारीक होतो, म्हणून "अपाय शून्य"ही खोडा. आणि ओरडून झालेली गाठ ओरडण्याची सवय तशीच ठेवून जाईल कशी? आवाज नीट वापरायला शिकवणारी थेरपी त्यासाठीच असते.

दादाला ओढत डॉक्टरकडे नेलं. पडद्यावर दिसला डाव्या तंतूच्या कडेला तिळाएवढा लालसर पॉलिप. आधी आवाजाला विश्रांती, मग थेरपी, सुईचं नंतर बघू, असं ठरलं.

राजाचं काम यंदा पुतण्या करतोय. दादाने प्रॉम्प्टिंग तरी करू का म्हणून पाटीवर लिहून विचारलं. तेही नको म्हटलंय.