सोळा गोल

"आठ, तीन आणि पाच. किती झाले?" अण्णांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बेरीज सांगितली. "सोळा. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले आपल्या मुलींनी, मारला एकही नाही. तेही आपल्याच देशात. आणि तू म्हणतोस, खेळल्या ते बरं झालं!"

९ नोव्हेंबर २०२५, रविवारची रात्र. सुरसागर तळ्याच्या पाळीजवळ आमची नेहमीची बैठक. बडोद्यात थंडी नुकती कुठे जाणवायला लागली होती. सेवउसळ खाऊन झाली होती आणि चहाची दुसरी फेरी यायची होती. आदल्या मध्यरात्रीनंतर मोरोक्कोत सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. उत्तर कोरियानं नेदरलँड्सला ३–० असं हरवलं. मी फक्त ती बातमी सांगितली आणि वर एवढंच म्हणालो की २०२२ मध्ये आपलाही संघ या स्पर्धेत होता, पुन्हा कधी दिसणार कोण जाणे. त्यावरून अण्णा पेटले.

कट्ट्यावर कोण कोण होतं ते सांगतो. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, बापू बँकेतून. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत व्यायामशिक्षक म्हणून काढली. आणि त्या दिवशी मास्तरांची पुतणीही आली होती. वयानं आमच्यात सगळ्यांत लहान, पण आम्ही तिला ताईच म्हणतो. युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल खेळलेली आहे. आता एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना शिकवते. माझी अकरा वर्षांची लेक तिच्याकडेच जाते, म्हणून हा वाद माझ्यासाठी नुसता वेळ घालवण्याचा नव्हता.

"अण्णा, तुझा मुद्दा काय? हरल्या हा, की उतरल्या हा?" बापूंनी विचारलं.

"उतरल्या हा. पात्रता फेरी न खेळता, यजमान म्हणून आयती जागा. अमेरिकेसमोर पोरींना उभं केलं, मध्यंतरालाच पाच गोल. त्या वयात मन मोडतं रे. कोवळ्या पोरींना टीव्हीवर सगळ्या जगासमोर असं हरवायचं कशाला?"

हे ते रागानं म्हणत नव्हते, कळवळ्यानंच म्हणत होते. म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं.

ताई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "अण्णा, मन मोडलं असेल तर ते आधीच्या मुलींचं. त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही."

मग तिनं जे सांगितलं ते आमच्यापैकी निम्म्यांना आठवतही नव्हतं. ही स्पर्धा भारतात २०२० मध्येच व्हायची होती, आणि ठरलेल्या पाच शहरांत अहमदाबाद होतं. म्हणजे इथून दोन तासांवर! मी तेव्हा मुलीला घेऊन जायचं ठरवलं होतं, ती सहा वर्षांची होती. करोना आला, स्पर्धा आधी पुढे ढकलली, मग रद्दच झाली. भारताला २०२२ ची स्पर्धा मिळाली खरी, पण वयाची अट दोन वर्षांनी सरकली. २०२० ला जन्मसाल २००३ किंवा नंतरचं चाललं असतं, २०२२ ला २००५ किंवा नंतरचंच. "२००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या ज्या मुली शिबिरांत राबत होत्या, त्या एकही सामना न खेळता वयानं बाद झाल्या," ताई म्हणाली. "त्यांना विचारा, आठ गोल खाल्ले असते तरी चालले असते का."

नव्या संघाच्या वाट्याला तरी काय आलं? ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, आपल्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. दहा-अकरा दिवस स्पर्धा भारतात होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. निलंबन २६ ऑगस्टला उठलं आणि ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला अमेरिकेशी सामना. मोठ्या माणसांच्या भांडणात त्या मुली टांगलेल्या राहिल्या.

"आणि दुसरा सामनाही आठवा," मी म्हणालो. "मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला शून्य-शून्य होतं. पहिल्या सामन्यात आठ खाल्लेल्या मुली तीन दिवसांनी पंचेचाळीस मिनिटं एकही गोल होऊ देत नाहीत, हे मोडलेल्या मनाचं लक्षण नाही."

"मग दुसऱ्या अर्ध्यात तीन झालेच की."

"झाले. दम पुरला नाही."

"तेच म्हणतोय मी!" अण्णा पुढे सरकले. "दम कुठून येणार? आपल्या पोरी अंगापिंडानं लहान, खाण्यापिण्याची आबाळ. त्या उंच, दणकट पोरींसमोर आपला टिकाव लागणार नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. शाळेत पोरं त्यांना का घाबरत असतील ते त्या क्षणी कळलं.

"अण्णा, ही स्पर्धा आजवर नऊ वेळा झाली. २००८ पासून. उत्तर कोरिया चार वेळा जिंकला. २०१० ला दक्षिण कोरिया, २०१४ ला जपान. नवापैकी सहा वेळा चषक आशियात आलाय. उरलेला एकदा फ्रान्सकडे आणि दोनदा स्पेनकडे. तुमची ती उंच, दणकट अमेरिका? एकदाही नाही. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत उत्तर कोरियाकडून हरली, अजून चषकाची वाट बघतेय. जपानच्या, कोरियाच्या मुली काय सहा फुटी असतात? या वयात चेंडू पायाला चिकटून राहणं आणि तो यायच्या आधी कुठे द्यायचा ते माहीत असणं, यावर सामना ठरतो. ते दहाव्या वर्षी शिकवावं लागतं. सोळाव्या वर्षी शिबिरात बोलावून येत नाही."

अण्णांना बहुतेक हे पटलं, पण ते पटकन हार मानणारे नाहीत. "उत्तर कोरियाचं उदाहरण मला देऊ नका. तिथे सरकार मुली उचलून नेतं."

इथे बापू अण्णांच्या बाजूला गेले. प्योंगयांगला २०१३ पासून सरकारी फुटबॉल शाळा आहे, देशभरातून मुलं-मुली निवडून तिथे ठेवतात, हे त्यांनी सांगितलं. आणि त्याच देशाच्या मोठ्या बायकांच्या संघाचं काय झालं तेही. २०११ च्या विश्वचषकात पाच खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडल्या, त्यामुळे २०१५ च्या विश्वचषकात खेळायला बंदी आली, त्यानंतर २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकांतही तो संघ नव्हता. "सतराव्या वर्षी जगज्जेत्या आणि पुढे त्यांचं काय होतं ते जगाला दिसतच नाही," बापू म्हणाले. "असा चषक मला नको."

मलाही नको. पण उत्तर कोरिया सोडून बाकीच्यांकडे बघायला काय हरकत आहे? स्पेन २०१४ ला याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत जपानकडून हरला. त्या हरलेल्या संघात ऐताना बोनमाती होती. ती २०२३ ला मोठ्यांचा विश्वचषक जिंकली आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर लागोपाठ तीन वेळा घेऊन बसली. कोलंबियाची लिंडा कायसेदो २०२२ ला आपल्याकडे नवी मुंबईत अंतिम सामना हरली, स्वयंगोलानं, १–० असा. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मोठ्यांच्या विश्वचषकात ती जर्मनीविरुद्ध गोल करत होती. हरलेल्या मुलींना पुढचं मैदान मिळालं, हा सगळा फरक.

आणि मोरोक्को! मला त्याचंच सगळ्यात जास्त लागतं. २०२२ ला आपण या स्पर्धेत पहिल्यांदा खेळलो तसे तेही पहिल्यांदाच. एका गटात होतो. पण त्यांनी त्याआधीच बायकांची व्यावसायिक लीग उभी केली होती. २०२३ ला त्यांचा मोठा संघ विश्वचषकात दक्षिण कोरियाला आणि कोलंबियाला हरवून बाद फेरीत गेला. आता २०२५ ते २०२९ अशी सलग पाच वर्षं ही मुलींची स्पर्धा त्यांच्याकडे आहे, सोळाऐवजी चोवीस संघांची. एकाच दिवशी शाळेत बसलेली दोन मुलं असावीत तसे आपण होतो.

"आपण मुळातच मागे होतो, ते धर ना," अण्णा म्हणाले.

"नव्हतो," मास्तर म्हणाले. "ज्या ब्राझीलनं आपल्याला पाच गोल मारले तिथे १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती. आणि १९८३ ला आपल्या बायका आशियाई फुटबॉल स्पर्धेची अंतिम फेरी खेळल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. आपण मागे नव्हतो, आपण सोडून दिलं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. तळ्यातल्या महादेवाच्या मूर्तीवरचा प्रकाश पाण्यात हलत होता.

मग ताईनं अष्टम ओरांवची गोष्ट काढली. २०२२ च्या संघाची कर्णधार, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली. त्या एका राज्यातून सहा मुली संघात होत्या. अष्टमचा मान म्हणून प्रशासनानं तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला. त्या रस्त्यावर मजुरीला तिचे आई-वडील होते, दिवसाला अडीचशे रुपयांवर. ही बातमी तेव्हा मीही वाचली होती आणि कितीतरी दिवस ती डोक्यातून गेली नव्हती. लेक देशाची कर्णधार, आणि तिच्याच नावानं होणाऱ्या रस्त्याची खडी आई डोक्यावरून वाहते.

"अण्णा, या मुलीनं सोळा गोल खाल्ले, म्हणून तिला मैदानात उतरवायला नको होतं?" ताईनं विचारलं. आवाज चढवला नव्हता तिनं.

अण्णा म्हणाले, "तिचा दोष मी कधी म्हटला?"

"मग कुणाचा?"

यावर खरा वाद सुरू झाला, कारण आता गोष्ट गुमल्याहून बडोद्याला आली. ताईकडे पाचवी-सहावीच्या बावीस मुली येतात. आठवीत त्या दहा-बारा उरतात. नववीत तीन. क्लास, दहावीची तयारी ही कारणं आहेतच, पण घरोघरी गेलं की शेवटी एकच वाक्य ऐकू येतं: अंधार पडल्यावर पोरगी मैदानावर नको. त्या शाळेच्या मैदानावर दिवे आहेत. साडेसहाला बंद करतात. नोव्हेंबरात सहालाच अंधारतं.

"पालकांचं बरोबरच आहे," अण्णा म्हणाले. "मलाही नात आहे."

"तुमची नात नवरात्रात किती वाजता घरी येत होती?" मी विचारलं.

बडोद्यात हा प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागत नाही. नवलखी मैदानापासून गल्लीतल्या शेरी गरब्यापर्यंत हजारो मुली मध्यरात्र उलटून जाईपर्यंत बाहेर असतात. चणियाचोळी घालून, अनवाणी, तीन-तीन तास न थांबता. दम नाही म्हणणाऱ्यांनी एकदा बघावं. तेव्हा कुणाच्या आईला अंधार आठवत नाही, कारण अंधार नसतोच. दिवे असतात, शेजारी असतात, आजी खुर्ची टाकून कडेला बसलेली असते.

"ते नऊ दिवस असतं," अण्णा म्हणाले. "वर्षभर दिवे कोण लावणार? बिल कोण भरणार? वर्षभर कडेला कोण बसणार?"

प्रश्न योग्य होता. क्रिकेटमध्ये त्याला उत्तर मिळालंय, कारण तिथे संस्था उभी आहे, स्पर्धा ठरलेल्या आहेत, संघात जागा आहे. राधा यादव मुंबईहून येऊन बडोद्याकडून खेळायला लागली, आणि आठवड्यापूर्वी, २ नोव्हेंबरला, ती विश्वविजेत्या भारतीय संघात होती. नवी मुंबईच्या त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर, जिथे २०२२ ला स्पेननं कोलंबियाला हरवलं. मैदान तेच. त्या रात्री आमच्या दांडिया बाजारात फटाके वाजले.

"गेल्या महिन्यात किर्गिझस्तानात, बिश्केकला काय झालं माहितेय का?" ताईनं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानविरुद्ध आधी गोल खाऊन मग २–१ असा सामना काढला आणि आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. यजमान म्हणून नाही, खेळून. २०२६ ला चीनमध्ये बारा संघ असतील, आणि पहिले चार विश्वचषकाला जातील.

बापू बोटं मोजू लागले. "जपान, दोन कोरिया, चीन. चार तिथेच संपले. वर ऑस्ट्रेलिया."

"म्हणजे एकाला तरी हरवायला हवं," मास्तर म्हणाले.

"नाही जमणार," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "पण पात्र ठरल्यात ना. मग खेळू देत."

साडेअकरा वाजत आले होते. ताई उठली, स्कूटरची चावी शोधू लागली. बापूंनी तिला विचारलं, त्या शाळेच्या विश्वस्तांपैकी कुणाशी बोलणं झालंय का. दोनदा अर्ज दिलाय, म्हणाली, उत्तर नाही. त्यांच्यातले एकजण बापूंच्या बँकेचे जुने खातेदार निघाले.

"मंगळवारी जाऊ," बापू म्हणाले. "आठ वाजेपर्यंत दिवे, आठवड्यातून चार दिवस. तेवढंच मागू."

"मीही येतो," अण्णा म्हणाले. "बिलाचं विचारतील, तेव्हा बोलायला कुणीतरी हवं. आणि कडेला खुर्ची टाकून बसायला मला काही काम नाही संध्याकाळी. पण ताई, ते सोळा गोल मी विसरणार नाही हं."

"विसरू नका अण्णा," ती हेल्मेट चढवत म्हणाली. "मीसुद्धा विसरलेले नाही. मंगळवारी साडेपाचला या, म्हणजे दिवे जायच्या आधी मुलींचा खेळ बघता येईल."